बुंध्यावरची पोळी

ॲथलोन, आयर्लंड, ७ डिसेंबर

शेजारचा पॅट आज दाराशी येऊन चक्क माझे आभार मानून गेला.

घरामागचं जंगल उन्हाळ्यात कापून नेलं. उरलेल्या बुंध्यांमध्ये एक हरिणी पाडसाला घेऊन चरायची. इथे दारात गाय कुठून येणार? म्हणून रोजची पहिली पोळी मी तिच्यासाठी कुंपणाजवळच्या बुंध्यावर ठेवायचे. पॅटने ते पाहिलं होतं. आज त्याच बुंध्यावर नेम धरून बसला आणि ती पोळीला आली तशी तिला मारली.

"तुमच्यामुळे फार ताटकळावं लागलं नाही," म्हणाला आणि मांसाचं पुडकं पुढे केलं. आमचा वाटा म्हणे! "पाडस अजून तिथेच घुटमळतंय. उद्याही ठेवा हं पोळी."

आमचे चिरंजीव पुडकं घेऊन वर इथल्या लोकांसारखं "ग्रँड, पॅट" म्हणाले. मग मला समजावतात, "आई, परवाना आहे त्याच्याकडे. हरणं नवी रोपं खातात." यांनी अख्खं जंगल खाल्लं ते चालतं. शाळेत याच देशातून आलेल्या नन्स आम्हाला भूतदया शिकवायच्या. घरच्यांना शिकवायचं राहिलं वाटतं.

पण माणसाला घाबरू नये, हे तिला कोणी शिकवलं? पॅटने नाही. माझ्या पोळीने.

उद्या पोळी नाही. उद्या ताट बडवत कुंपणाशी जाईन, ओरडेन, वेळ पडली तर दगड मारेन. माझ्या नुसत्या चाहुलीने पळालं पाहिजे ते पाडस.