नळीबंदीत बाबांची गाडी

नेदरकोट, ससेक्स
१९ ऑगस्ट

ती. विनिफ्रेडताई हिस (नावामागे 'सौ.' पुढच्या शनिवारी लग्न लागलं की पुन्हा लावीन, तोवर घाई नको),

धाकट्या क्लेमंटचा नमस्कार. इकडे आम्ही दोघं ठीक. डोरीनचा गुडघा तिच्या म्हणण्याप्रमाणे 'तसा बरा' आहे, म्हणजे तिला जिना चढता येत नाही. तुझा खोकला कसा आहे? हम्फ्रींची प्रकृती? एकोणसत्तराव्या वर्षी नवरदेव व्हायचं तर छातीत धडधड व्हायचीच, त्याला डॉक्टर लागत नाही, एवढं माझ्यातर्फे त्यांना सांग.

तू लिहिलंस की चर्चला जाईन तर बाबांच्याच गाडीतून, आणि गाडी बाबा ठेवायचे तशी लखलखीत पाहिजे. यात काय मोठंसं, असं तुला तिकडे स्कॉटलंडात वाटणार (तिकडे आभाळच गाड्या धुतं). इथे एप्रिलपासून पाऊस नाही आणि जुलैपासून नळीबंदी आहे, म्हणजे नळी लावून पाणी वापरायचं नाही. बागेत नळी दिसली की दंड. बादलीला बंदी नाही, पण बादलीत भरायचं काय? आंघोळीचं पाणी डोरीन डेलियांना घालते, कारण ते डेलिया तुझ्याच लग्नाच्या टेबलांवर जायचेत. भांड्यांचं पाणी घेवड्याला. गाडीच्या वाट्याला सगळी मिळून एक बादली, आणि तीसुद्धा डोरीनची मर्जी राखून. शिवाय गावात हल्ली मळकी गाडी ही सज्जनपणाची खूण झाली आहे. पाद्रीबाईंच्या गाडीचा मूळ रंग कोणता हे कुणालाच आठवत नाही, आणि त्यामुळे त्यांचा मान वाढला आहे.

तर मी वाहनांच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथे पाण्यावाचून गाडी धुण्याच्या बाटल्यांचा एक अख्खा कप्पा आहे, आणि त्या कप्प्यासमोर गावोगावचे म्हातारे चष्मा वरखाली करत उभे. दुकानदार बिचारा भला माणूस. त्याने विचारलं, गाडी कितपत घाण आहे? आता ताई, आपल्या घरात प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायची पद्धत आहे का? युद्धात बॉम्ब पडून स्वयंपाकघर अंगणात आलं, तेव्हा आजोबांनी वरिष्ठांना पत्र लिहिलं की घरी जरा पसारा झाल्यामुळे उद्या उशीर होईल. त्याच रक्ताचा मी. म्हणालो, "काही विशेष नाही हो, जरा धूळ बसलीय." खरं सांगायचं तर गाडी दोन वर्षं हॉब्डेन शेतकऱ्याच्या धान्याच्या कोठारात उभी होती. तिच्या टपावर गव्हाचा भुसा, कबुतरांची कृपा आणि मळणीची माती यांचा असा थर होता की हॉब्डेनने मनावर घेतलं असतं तर त्यात बार्ली उगवली असती. पण मी 'जरा धूळ' म्हणालो, आणि दुकानदाराने त्यावर विश्वास ठेवून मला 'जरा धुळी'ची बाटली दिली. फवारा मारा, फडक्याने पुसा, झालं. थेंबभर पाणी नको. बादली वाचली म्हणून मी शीळ घालत घरी आलो.

उजवी बाजू मी एका सकाळी पुसून काढली. गोल गोल, अगदी प्रेमाने. मग गाडी उन्हात आणली. दारापासून मागच्या चाकापर्यंत, कोळ्यांच्या कुटुंबाने पिढ्यानपिढ्या राहावं अशी जाळी. ओरखडे, ताई. हजारो. डोरीन बघून गेली आणि म्हणाली, "वेगळी दिसतेय." एकेचाळीस वर्षांच्या संसारात ती मला इतकं टोचून कधी बोलली नव्हती. बाबांनी ती गाडी सव्वीस वर्षं चालवली, पण एक चरा पडू दिला नाही. मी उपड्या बादलीवर बसलो आणि रडलो. हे कुणाला सांगू नकोस.

शेवटी बार्नबीला बोलावलं. तो बसच्या आगारातून निवृत्त झालेला, पबात माझ्या शेजारच्या स्टुलावर बसतो. गाडी धुण्याच्या बाबतीत त्याचं सोवळं कडक. त्याने आधी बाटलीवरचा मजकूर मला मोठ्याने वाचायला लावला (फक्त हलक्या धुळीसाठी, असं तिथे छापलेलं होतं, माझा वाचायचा चष्मा दुकानात खिशातच होता). मग म्हणाला की जाड माती कोरड्या फडक्याने घासणं म्हणजे पॉलिशपेपरने गाल पुसणं. आणि रंग इतका जुना आणि पातळ झालाय की तो घासून ओरखडे घालवायला बार्नबी धजत नाही. मला पाहिजे होतं ते दुसरं औषध, नंतर पाण्याने विसळावं न लागणारं: अर्धी बादली पाणी, त्यात एक झाकण औषध, आणि मऊ फडके आठ. आधी माती भिजू द्यायची, मग ओल्या फडक्याने एकदाच सरळ ओढायचं, घडी पालटायची, आणि मळलेला फडका पुन्हा बादलीत घालायचा नाही म्हणजे नाही. लगेच दुसऱ्या टॉवेलने टिपायचं. झालं, वरून पाणी ओतणं नाही. डावी बाजू आम्ही अशी केली, आणि ताई, तिच्यात मला माझं तोंड दिसलं. ते बघण्यासारखं राहिलेलं नाही, हा बाटलीचा दोष नव्हे.

पण चकाकी म्हणजे आमच्या गावात पुरावा. गाडी घेऊन पोस्टापर्यंत गेलो तर तीन माणसं थांबून म्हणाली, गाडी छान दिसतेय हं. असं कुणी कुणाला उगाच म्हणत नाही. टॅन्सलीबाई मूळच्या यॉर्कशायरच्या, त्यांना आडपडदा माहीत नाही. त्यांनी सरळ विचारलं, "नळी कुठे लपवलीत?" मी गाडी रस्त्यात वळवली आणि त्यांना उजवी बाजू दाखवली. त्या वाकून चाकापासून दारापर्यंत बघत गेल्या. मग म्हणाल्या, "माफ करा. घरात काही दुःख झालंय का?" तेव्हापासून मी गावात निर्दोष आहे, आणि दोनदा कुणीतरी दारात केक ठेवून गेलं.

तर काळजी नसावी. गाडी तयार आहे. डोरीनचे तुला आशीर्वाद (तू तिच्याहून मोठी आहेस हे मी तिला सांगितलं, ती म्हणाली असू दे).

तुझा,
क्लेमंट

ता.क. चर्चच्या फाटकाशी गाडी डाव्या बाजूनेच लागते. तू डाव्या दाराने उतर, आणि फोटोवाल्याला पलीकडे जाऊ देऊ नकोस. उजवी बाजू रस्त्यापलीकडच्या मेथडिस्टपंथी चर्चवाल्यांच्या दारासमोर येईल. ते चांगले लोक आहेत, सोसतील.

ता.क. २. या पत्रात एक गोष्ट मी 'काही विशेष नाही'च्या चालीवर लिहायला निघालो होतो. दोनदा लिहून खोडली. त्या चालीने काय होतं हे आता बघितलंय, म्हणून सरळ लिहितो. बाबा नाहीत. तू कळवलंस की क्लेमंट गाडी चालवील आणि चर्चमध्ये वडिलांच्या जागी तुझा हात धरून तुझा जावई नेईल. जाईल्स गुणी पोरगा आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ताई, मला वाईट वाटलं. फार वाटलं. गाडी बार्नबी चालवील, मी त्याला विचारून ठेवलंय. तुला मी नेऊ का? उत्तर पत्रानेच पाठव. फोन करू नकोस, फोनवर आपण दोघं फक्त हवामानाबद्दल बोलतो.