बाजूच्या सीटवरचा माणूस

नीलू बाय,

तिकडे मस्कतला बरी आहेस ना? काल भरदुपारी मृणाल गाडी शिकत होती. बाजूला तुझा नवरा, मागे मी. परळच्या नाकाबंदीत हवालदाराने तिचं लर्निंग लायसन बघून तिला मशीनमध्ये फुंकायला लावलं. काही निघालं नाही. मी चेष्टेत म्हटलं, "साहेब, आमच्या जावईबापूंनाही फुंकायला लावा की!"

मशीन बोंबललं गं!

हवालदार म्हणाला, "शिकणारीला सांभाळणाराच प्यायलेला?"

माझं हसू तोंडातच राहिलं. जावई म्हणाले, "आई, नीलूला कळवू नका."

मृणाल हळूच म्हणाली, "आजी, बाबा रोजच पिऊन चालवतात. म्हणून तर मी शिकतेय."

लिहिलंय खरं, पण पाठवायला हात धजत नाही.

तुझी हबकलेली,
आई