कालचा भात

११ जून २०१८, सोमवार. संध्याकाळी सात.

आजपासून रोजनिशी. वही फुकटची आहे, एका क्लासवाल्यानं वाटलेली. कव्हरवर पंधरा टॉपर हसून राहिलेत. वही उलटी करून मागच्या पानापासून सुरू केली, म्हणजे ते खाली जातात.

कारण असं. गंगम्माचा नांदेडहून फोन. गंगम्मा म्हणजे रुक्मिणची, माझ्या बायकोची, धाकटी बहीण. म्हणे, दाजी, दीपालीला अकरावी-बारावीला माझ्याकडं पाठवा, इथं बी क्लास चांगले हायत, लेकराला सोबत होईल. मी लई हसलो. बिलोलीपासून देवणीपर्यंतची लेकरं शिकायला लातूरला येतात, त्यांच्यावर माझं मुलींचं हॉस्टेल उभं आहे, आणि हॉस्टेलवाल्याची पोरगी नांदेडला? लोक म्हणतील, अप्पाच्या मालातच काहीतरी खोट आहे.

दीपालीला हे सांगितलं. तिनंही हसावं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, विचार करते, रविवारी सांगते.

म्हणजे मामला गंभीर. बसून मूळ शोधलं. मूळ जेवणात आहे. रुक्मिण जाऊन सात महिने झाले, तेव्हापासून आमचा डबा हॉस्टेलच्या मेसमधून येतो. मेस उत्तम आहे (माझीच आहे), पण रोज ती एकच चव. रुक्मिण दर बुधवारी रात्री फ्राइड राइस करायची. पोरगी त्याच्यावर जीव टाकायची.

ठरलं. परवा बुधवार. फ्राइड राइस मी करणार. रविवारपर्यंत नांदेडचा विषय संपलेला असेल.

अवघड काय आहे? भात करायचा आणि परतायचा.

१२ जून, मंगळवार.

ट्यूशन एरियाच्या कोपऱ्यावर जुबेरची चायनीजची गाडी. एक प्लेट सांगितली आणि कान लावून उभा राहिलो. माझं सगळं भांडवल म्हणजे कान. तिसऱ्या मजल्यावर कोणती पोरगी उशीत तोंड घालून फोनवर बोलते ते मी खालून सांगतो. त्र्याण्णवला भूकंपाच्या पहाटे जमिनीची गुरगुर गावात पहिल्यांदा ऐकली ती मी. रुक्मिणला हाताला धरून बाहेर ओढलं, म्हणून दोघं वाचलो. लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते.

तर जुबेरची कढई. भात पडला की चर्र, आणि मग पत्र्यावर गारा पडल्यासारखी खडखड. आवाज पाठ केला.

प्लेट घेताना सहज विचारलं, गुपित काय. जुबेर म्हणाला, गुपित कसलं अप्पा, भात कालचा पाहिजे, गरम भात टाकला की लापशी होते. मी म्हणालो, माझ्या घरात कालचं काही नसतं. भूकंपानंतर शेडमध्ये राहायचो तेव्हा ट्रकमधून भाताची पाकिटं यायची. कुठून निघालेली, कधीची, देवाला माहीत. आंबूस वास. रांगेत उभं राहून रुक्मिण आणि मी तो भात खाल्लाय. त्या रांगेतच तिला शब्द दिला होता की आपल्या घरात शिळं शिजणार नाही, शिळं वाढलं जाणार नाही. पंचवीस वर्षं तो नियम आहे. रात्री नऊला वॉचमन मलप्पा दारात येतो, उरलंसुरलं त्याच्या म्हशीला जातं.

जुबेर म्हणाला, मग अप्पा तुम्ही वरण-भातच करा.

धंद्यातलं गुपित सांगायचं नसलं की माणूस असंच काहीतरी सांगतो. मीही तेच केलं असतं.

१३ जून, बुधवार. रात्री साडेआठ.

केला.

तांदूळ तीन वाट्या. तीन शिट्ट्या. पत्तागोबी, गाजर, ढोबळी मिरची बारीक चिरली (बोट थोडं). वाफाळता भात कढईत टाकला. खडखड झाली नाही. फस्स झालं. परतत गेलो तसा भात एक होत गेला. शेवटी उलथनं उभं राहत होतं.

दीपाली ताटाकडं बघून म्हणाली, पप्पा, खिचडी का? मी म्हणालो, फ्राइड राइस. ती म्हणाली, अच्छा. ताट घेऊन खोलीत गेली, अभ्यास आहे म्हणून. थोड्या वेळानं खोलीतून ताट खरवडल्याचा आवाज आला. म्हणजे शेवटच्या शितापर्यंत खाल्लं. तिच्या कचऱ्याच्या पिशवीचाही आवाज आला, पण तो वेगळा विषय.

पहिला प्रयत्न, त्या मानानं चांगला.

१५ जून, शुक्रवार.

बुधवारची वाट कशाला बघायची. आज पाणी कमी घातलं. भात मोकळा झाला, पण दाताखाली कचकच. रंग यावा म्हणून सोया सॉस घातला. झाकण निसटलं. रंग आला.

दीपालीनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, पप्पा, राहू द्या ना. मी म्हणालो, बापाला कसला त्रास. ती म्हणाली, तसं नाही, आई करायची ना तेव्हा... तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर नळ चालू राहिल्याचा आवाज आला. पाणी वाया चाललेलं मला सहन होत नाही. धावत वर गेलो, बंद केला, बाथरूममधल्या पोरीला दोन शब्द सुनावले. खाली आलो तर दीपालीनं ताटं घासून ठेवली होती.

काय म्हणत होतीस विचारलं. म्हणाली, काही नाही.

म्हणजे महत्त्वाचं नसणार.

१७ जून, रविवार.

दीपालीनं सांगितलं. जाते म्हणाली. पुढच्या रविवारी, चोवीस तारखेला.

सांगणं वेगळं आणि जाणं वेगळं. हॉस्टेलमध्ये मी हे रोज बघतो. आज पोरगी म्हणते घरी जाते, उद्या जुबेरच्या गाडीवर हसत असते.

दुपारी शिरूर अनंतपाळचे एक गृहस्थ, रामकिशन म्हणून, पोरीला सोडायला आले. ट्रंक, गादी, तिळाची चटणी. पोरगी वर गेली आणि हे ऑफिसात बसून रडायला लागले. मी नेहमीसारखं समजावलं. अहो, दोन वर्षं म्हणजे काय, डोळ्याची पापणी लवेपर्यंत जातात. लातूर काय लांब आहे? पोरीच्या भविष्यासाठी काळजावर दगड ठेवायचा असतो. त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, अप्पा, तुम्हाला लेकरं किती? मी म्हणालो, एकच मुलगी. ते म्हणाले, तुमचं बरं आहे, तुमची घरातच आहे.

मी म्हणालो, हाव.

१९ जून, मंगळवार. रात्री नऊ.

आज शास्त्रीय पद्धत. गरम भात परातीत पसरला आणि ऑफिसातला टेबल फॅन आणून समोर लावला. शिळा न करता गार करायचा! ही युक्ती जुबेरच्या डोक्यात येणं शक्य नाही. फॅन तीनवर केला. फॅनवरची धूळ भातावर आली, भाताची शितं देवघरावर गेली, आणि पत्तागोबी माझ्या चष्म्यावर.

दीपाली दारात उभी राहून हसली. पोट धरून हसली. सात महिन्यांत पहिल्यांदा. मीही हसलो. मग ती हसता हसता खाली बसली आणि म्हणाली, पप्पा, अहो, आई कालचाच भात वापरायची.

मी म्हणालो, काहीतरी बोलू नको.

ती उठली, फ्रिजच्या तळाच्या कप्प्यातून एक स्टीलचा डबा काढला. वर कागदाची पट्टी, रुक्मिणच्या अक्षरात 'मेथी'. आत काही नव्हतं. म्हणाली, मंगळवारी रात्री आई एक वाटी जास्त लावायची आणि मलप्पाकाका यायच्या आधी यात काढून ठेवायची. पट्टी यासाठी की तुम्ही मेथी खात नाही, म्हणजे उघडून बघणार नाही. बुधवारी तुम्ही फ्राइड राइस खायचात आणि दर वेळी म्हणायचात, ताज्या भाताची गोष्टच वेगळी.

तेव्हा त्या दोघी एकमेकींकडं बघून हसायच्या, हे मला आठवतं. मला वाटायचं, मी बोलतोच तसं मजेशीर.

ती पुढं म्हणाली, पप्पा, आईबद्दल तुम्ही कधी... मला गेटचा आवाज आला. मलप्पा आला होता. धूळ लागलेला भात त्याला देऊन टाकला.

२० जून, बुधवार.

पोरगी काहीही बोलते. या घरात डब्याचं झाकण लागलं आणि मला ऐकू आलं नाही, असं होणार नाही. वर्षानुवर्षं, दर मंगळवारी? शक्यच नाही.

खात्रीसाठी गंगम्माला फोन केला. ती म्हणाली, हाव दाजी, त्यात काय, समद्या भावकीला ठाऊक हाय. अक्का म्हणायची, ह्यांना खरं सांगितलं तर शेडचं आठवतं, दोन दिवस जेवत न्हाईत, त्यापरीस मेथी बरी. मग तीही हसली आणि म्हणाली, आणि ते भूकंपाचं, तुम्ही आवाज ऐकला म्हणून सांगता ते. अक्का म्हणायची, घोरून राहिले होते, मीच हाताला धरून वढलं.

हे मात्र साफ खोटं. मी ऐकलं होतं. आवाज झाला तेव्हा तिनं माझा हात धरलेला होता आणि आम्ही दोघं अंगणात होतो, हे मला लख्ख आठवतं.

त्याच्या आधीचं आठवत नाही.

२२ जून, शुक्रवार. संध्याकाळी सहा.

निर्णय घेतला. नियम मी केला, मीच मोडणार. आज रात्री भात जास्त लावायचा, 'मेथी'त भरून ठेवायचा. उद्या शनिवारी खराखुरा फ्राइड राइस, रुक्मिणच्या पद्धतीचा. पोरगी पहिला घास घेईल आणि बॅग उघडून कपडे परत कपाटात लावेल. कांद्याची पात आणून ठेवली. दीपालीला काही सांगितलं नाही. सरप्राइज.

२३ जून, शनिवार. रात्री नऊ.

संध्याकाळी ओटा मांडला, कढई ठेवली, फ्रिज उघडला. डबा नाही.

शोधाशोध. मग आठवलं. काल नऊला मलप्पा दारात आला आणि हाक मारली, अप्पा. मी उठलो, पातेलं रिकामं दिसलं, गार व्हायला ओट्यावर ठेवलेला भरला डबा हाताला लागला, तो नेऊन त्याच्या टोपल्यात उपडा केला. पंचवीस वर्षांची हाताला सवय. रिकामा डबा मोरीत पडलेला सापडला. आज मलप्पा मला म्हणतो, अप्पा, कालचा भात म्हशीनं लई आवडीनं खाल्ला.

ओट्याशी उभा होतो तेव्हा दीपाली आली. तिच्या हातात जुबेरकडची दोन पार्सलं. मांडलेली पात बघितली, डबा बघितला आणि खाली चटई अंथरली. दोघांनी तिथंच बसून खाल्लं. मी म्हणालो, नांदेडला असं मिळणार नाही. ती म्हणाली, पप्पा, मी जेवणासाठी चालले नाही. मावशीकडं निदान कुणी आईचं नाव घेतं. इथं मी आई म्हटलं की तुम्हाला वरचा नळ ऐकू येतो.

वर खरोखरच नळ चालू होता. मी उठलो नाही. तांब्याभर पाणी प्यालो. जुबेर हल्ली मिरची जास्त घालतो.

पात तशीच पडून आहे. मेसला देईन.

२४ जून, रविवार.

सकाळी नांदेडची बस. बॅग वर चढवली. खिडकीतून म्हणाली, पप्पा, डबा नीट घासून ठेवा, पट्टी ओली करू नका. मी म्हणालो, दोन वर्षं म्हणजे काय. नांदेड काय लांब आहे.

बाप रडणार हे तिला कळलं असावं, तिनं आधी तोंड फिरवलं.

परत आलो तर ऑफिसात कुणी देवणीचे पालक बसले होते. त्यांना समजावण्याचं काम मलप्पावर सोपवलं.

२७ जून, बुधवार. रात्री आठ.

काल मेसचा डबा नको म्हणालो आणि भात लावला. माप तीन वाट्याच पडलं. हात ऐकत नाही. थोडा खाल्ला, बाकी सगळा उरला. नऊला मलप्पानं हाक मारली. त्याला म्हणालो, आज काही नाही, जा.

आज तो भात परतला. चर्र झालं, आणि मग गारांसारखी खडखड. शीत न् शीत सुटं. मीठ बरोबर, रंग बरोबर, चव तीच. ओट्याशी उभ्यानंच खाल्ला.

दीपालीला फोन लावला. म्हणालो, जमला. ती म्हणाली, भात कालचा होता? म्हणालो, हाव. तुझी आई हुशार होती, म्हणालो. पलीकडं तिनं नाक पुसल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, पप्पा, ठेवते, मावशी जेवायला बोलावते.

आजही उरलाय. खाणारा मी एकटा आणि माप तीन वाट्यांचं, म्हणजे आता कालचा भात रोजच असणार. 'मेथी'त भरून ठेवला. पट्टी कोरडी आहे.

झाकण लावताना मुद्दाम कान देऊन ऐकलं. आवाज होतो. पार बैठकीपर्यंत जाईल एवढा होतो.