बाबांच्या दोन्ही बाजूंना

आई, काल उमरग्याला एका लग्नात मी दादाशेजारी जेवायला बसले. त्यानं न विचारता माझ्या ताटातली बुंदी उचलली आणि मला आपल्या बेंबळी गावातली ती पंगत दिसली.

कुणाकडं चहासुद्धा दोनदा म्हटल्याशिवाय न घेणारे आपले बाबा त्या वर्षी शेजारच्याच्या पानात हात घालू लागले होते, मयताला गेले की हसत होते. गुरुजी प्यायला लागले, असं लोक म्हणायचे. कुणी बाहेरची बाधा म्हणायचं. त्या दिवशी लग्नात पुरुषांची पंगत बसते आहे, बाया मांडवाच्या कडेला थांबल्या आहेत, आणि तू पदर खोचून सरळ बाबांच्या उजवीकडं बसतेस, मला डावीकडं बसवतेस. वाढपी म्हणतो, "वहिनी, बायांची पंगत नंतर हाय." तू म्हणतेस, "मला लई भूक लागलीय, वाढा." आता बाबांचा हात कुठंही गेला तरी पान आपलंच. समोरून कुणीतरी विचारलं, "गुरुजी, घरी उपाशी ठेवतेत का?" तूच उत्तर दिलंस, "व्हय, ठेवते की. बुंदी आणा इकडं." लोक हसले, बाबाही हसले. मी मात्र लाजेनं रडकुंडीला आले होते. तू हळूच म्हणालीस, "घरचंच खातेत ते. परक्याचं न्हाय."

त्या आजाराचं नाव तुला कधी कळलं नाही. दादाला तपासल्यावर सोलापूरच्या डॉक्टरांनी समजावलं, मेंदूचा पुढचा भाग हळूहळू झिजतो, आठवणींच्या आधी स्वभाव बदलतो, आणि हे बापाकडून लेकरांत येऊ शकतं. ऐकताना भीती वाटली, पण त्याहून जास्त तुझी आठवण आली. बाबांना पंगतीतून कुणी उठवू नये, एवढंच तू पाहिलंस. काल वहिनी दादाच्या उजवीकडं होती, मी डावीकडं. तो पोटभर जेवला, पान पुसून उठला. हे तुझ्यामुळं जमलं, आई.

तू गेलीस, आता तुला हे पोचणार नाही, म्हणूनच लिहू शकते. माझंही रक्त तपासता येईल, असं डॉक्टर म्हणाले. मी अजून गेले नाही. पण काल परतताना लेकीला सांगितलं, लग्नाकार्यात माझ्या डाव्या बाजूला बसत जा. ती म्हणाली, "का गं?" मी म्हटलं, "उगाच. बरं वाटतं."