लाल गाडीचा ब्रेक

शुक्रवार, दुपारचे बारा

प्रिय प्रसेनजीत,

जय भीम. खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्याला पत्र लिहिणारा बाप तू पहिल्यांदाच बघत असशील. हसू नकोस. तोंडानं सांगायला गेलो की आपलं काय होतं तुला माहीत आहे. मी दोन वाक्यं बोलतो, तिसऱ्याला तू मोबाईल बघतोस, मग माझं डोकं सरकतं आणि मुद्दा राहतो बाजूला. म्हणून तू कंपनीत गेल्यावर आज कागद घेऊन बसलोय. उद्या सकाळी अकराला तू शोरूममध्ये जाणार आणि दोनपैकी एका गाडीच्या कागदावर सही करणार. त्याच टेबलावर दुसरा एक कागद असणार, तक्रारीचा. त्यावर आपल्या दोघांच्या सह्या झाल्या की शोरूममध्ये गाड्या तपासणाऱ्या हुपरीच्या त्या मनालीची नोकरी गेली. त्याच्या आत हे सगळं वाचून होऊ दे. चहा थंड झाला तरी चालेल.

आधी गाडीचं बोलू, कारण महिनाभर तू तेच विचारतोयस. रोज चालवायला कुठली आणि रविवारी मजा करायला कुठली, आणि दोन्हीला मिळून एकच घ्यायची तर कुठली. बाबा ज्या गाडीवर बोट ठेवतील तीच घेणार, असं तू सगळ्या मित्रांना सांगत सुटलास. ऐकून मी फुगलो होतो, कबूल करतो. तर ऐक. करडी गाडी शहाणी आहे. चार दारं, ऑटोमॅटिक गिअर, डिकीत दोन बॅगा बसून वर तुझ्या आईची पिशवी मावते. दाभोळकर कॉर्नरला अर्धा तास अडकलास तरी डावा पाय निवांत. आपल्या गल्लीच्या तोंडाचा तो उंटासारखा स्पीडब्रेकर ती पोट न घासता ओलांडते. पण चालवताना काही म्हणजे काही कळत नाही रं. इंजिन शेजाऱ्याच्या घरात चालू असावं तसा आवाज. एवढ्यासाठी स्पोर्ट्स कार कशाला पाहिजे? आहे ती गाडी काय वाईट आहे?

लाल गाडी म्हणजे जरा आगाऊ पोरगी. ठेंगणी, दोन दारांची, मागची सीट नावाला. क्लच जड, खड्डा आला की कंबरेला कळतो, सर्व्हिसला पुण्याला न्यावी लागणार. पण स्टिअरिंग बोटभर फिरवलं तर बोटभरच वळते, जास्त नाही, कमी नाही. गिअर पडतो तो हाताला सांगून पडतो. तू सकाळी सातला निघतोस, गर्दी उठायच्या आत हायवेला लागतोस आणि वीस मिनिटांत गोकुळ शिरगावला पोचतोस. मग क्लच दाबून दाबून दाबणार किती? आठवड्यातले पाच दिवस थोडी छळेल, दोन दिवस राजासारखं ठेवेल. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा हौस करतोयस, तर हौसेची गाडी घे. माझं बोट लाल गाडीवर आहे. आणि तू आता म्हणणार, बाबा, डोकं फिरलंय काय तुमचं, तिचा तर ब्रेक लागला नव्हता. व्हय, त्याचंच सांगायचंय.

गेल्या रविवारी करडी तू चालवलीस, बालिंग्यापर्यंत जाऊन आलास. मग लाल गाडी चालवायला मला बसवलंस. तुझी आई यायचं म्हणत होती, पण जागाच नव्हती. मागच्या फळीएवढ्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून मनाली बसली, तरी पोरगी हसत होती. सकाळी हुपरीहून पहिल्या बसनं येऊन तिनं दोन्ही गाड्या तपासल्या होत्या, यादीवर खुणा करून सही केली होती. गगनबावडा रोडला लागल्यावर मी गाडी जरा मोकळी सोडली. तू शेजारी बसून फोनवर माझा व्हिडिओ काढत होतास. कळे गावाच्या अलीकडं डाव्या हाताच्या पाणंदीतून दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल रस्त्यावर आली. तू ओरडलास. मी ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, पण तोवर बंपर कॅनला लागला होता. माणूस पडला, कॅन गडगडत गेला, दूध डांबरावर पसरलं. कोपर सोलवटलं त्याचं, तेवढ्यावर निभावलं. तू उतरून धावलास. मला उतरताच येईना. परत येऊन तू काचेतून विचारलंस, बाबा, काय झालं? आणि मी म्हणालो, ब्रेक लागंना रं, पेडल खाली गेलं.

खोटं. साफ खोटं बोललो मी. पेडल घट्ट होतं, ब्रेक पहिल्या इंचाला धरत होता. त्या ब्रेकमुळंच तो माणूस आज घरी म्हशीची धार काढतोय. चूक गाडीची नव्हती, मनालीची तर नव्हतीच नव्हती. मला ती मोटारसायकल दिसलीच नाही. तू ओरडलास म्हणून पाय गेला.

पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि मी मूग गिळून गप्प बसलो. तू रस्त्यातच त्या पोरीवर तुटून पडलास, की न तपासता गाडी देताच कशी. सोमवारी तक्रार पाठवलीस. शोरूमनं गाडी खोलून बघितली, दोष सापडला नाही. तेव्हा तू फोनवर साहेबाला काय म्हणालास ते मी खालून ऐकत होतो. माझे बाबा, आकाराम मिस्त्री, ब्रेकच्या बाबतीत चुकत नसतात, तुमचं मशीन चुकलं असेल. अरे बाबा! त्या वाक्यानं मला घाम फुटला. साहेबानं मनालीला घरी बसवलं आणि उद्या आपण दोघांनी लेखी दिलं की काढून टाकतो म्हणाला. माझ्या एका शब्दावर एवढं झालं, आणि तो शब्द कुणी पारखूनही बघितला नाही.

का बघतील? उद्यमनगरात चौतीस वर्षं गॅरेज चालवलं. दुरुस्त केलेली गाडी मी स्वतः ट्रायलला नेल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात दिली नाही. आजही लोक बिल न बघता विचारतात, मिस्त्री, ट्रायल घेतली न्हवं? घेतली म्हटलं की गाडीत पोरंबाळं घालून निघतात. तुला कृष्णात आठवतो का, माझ्याकडं कामाला होता तो? एकदा ब्रेकच्या तेलातली हवा न काढताच काढली म्हणून सांगितलं त्यानं. ट्रायलला मला कळलं. अख्ख्या गल्लीसमोर मी त्याचे पाने रस्त्यावर फेकले, ब्रेकबद्दल खोटं बोलणारा माणूस माझ्या दारात नको म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याची बायको विनवायला आली, तरी मी बधलो नाही. तू शाळेतून येऊन दारात उभा होतास आणि तुला माझा केवढा अभिमान वाटला होता. या आठवड्यात तो कृष्णात रोज डोळ्यांपुढं येतोय.

आता डोळ्याचं. माझ्या डाव्या डोळ्याची बाजूची नजर गेली आहे. काचबिंदू. सव्वा वर्ष झालं. लग्नाला जातो म्हणून मी मिरजेला गेलतो आठवतं? लग्नबिग्न काही नव्हतं, डॉक्टरकडं गेलतो. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली टिकवायची, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गाडी चालवू नका हेही सांगितलं. थेंबांची बाटली मी टूलबॉक्समध्ये पान्यांखाली ठेवतो. सांगायला पाहिजे होतं. पण ज्याच्या हातात स्टिअरिंग नाही असा आकाराम मिस्त्री कुणाला पाहिजे, असं डोक्यात बसलं होतं. समोरचं सगळं स्वच्छ दिसतं रं, त्यामुळं आपल्याला दिसत नाही हेच खरं वाटत नाही. बाजूनं एकदम माणूस उगवतो तेव्हा कळतं.

हे फक्त तुझ्या आईला माहीत आहे. आई गाडीत बसली की हॉर्नची गरज नाही, असं तुम्ही सगळे तिला चिडवता ना? डावीकडनं म्हस आली, डावीकडनं रिक्षा घुसली, शाळेची पोरं हाईत, सावकाश, असं तिचं सतत चालू. तुम्ही हसलात, मीही तुमच्यात बसून हसलो. सव्वा वर्ष ती माऊली तुमची थट्टा ऐकत माझ्या डाव्या अंगाला राखण करत बसली, आणि एकदाही मला उघडं पाडलं नाही. बुधवारी तू तिला म्हणालास, आई, रविवारी नवी गाडी बाबा गगनबावड्याला नेणार, तू घरीच थांब, तुझ्या बडबडीनं मजा जाते. ती स्वयंपाकघरात गेली. नंतर स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मला म्हणाली, तुम्ही सांगताय का मी सांगू? घाटात तो पोरगा शेजारी बसणार हाय तुमच्या. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, या बाईला माझी लाज वाटलेली मी पहिल्यांदा बघितली.

तेव्हा रविवारी गाडी तू चालव. मी चालवणार नाही, रविवारीही नाही आणि पुढंही नाही. माझ्या जुन्या गाडीची किल्ली आज सकाळी तिच्या हातात दिली. देताना फार जड गेलं, खोटं कशाला बोलू. आईला मात्र शेजारी बसव आणि तिची माफी माग. माझ्या वाट्याची मी मागितली आहे, तिनं अजून दिलेली नाही.

बुधवारी तिनं एवढं बजावलं, तरी मी सांगितलं नाही. अजून एक दिवस, तक्रार आपोआप विरून जाईल, असं मनाला समजावत बसलो. मग काल दुपारी दारात मनाली. तू कंपनीत, आई बाजारात. मला वाटलं, पोरगी आता रडणार, पाया पडणार. तसलं काही नाही. हातात एक वही होती. म्हणाली, काका, नोकरीचं सांगायला न्हाय आलो. त्या दिवशी मी तीन वेळा पेडल दाबून बघितलं होतं, मला घट्ट लागलं. पण तुम्ही म्हणताय म्हणजे माझंच काहीतरी बघायचं राहिलं असणार. ते काय तेवढं सांगा, पुढच्या ठिकाणी परत चूक व्हायला नको. आणि प्रसेनजीत, मी तिला शिकवलं! खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि मिस्त्रीच्या आवाजात सांगितलं की गार गाडीत पेडल फसवतं, नुसत्या पायाच्या अंदाजावर विश्वास ठेवायचा नसतो, तुझ्या पायाला अजून समज नाही. तिनं शब्दन् शब्द लिहून घेतला. एक वाक्य परत सांगा म्हणाली, ते मी परत सांगितलं, त्याच्याखाली तिनं रेघ मारली. जाताना उपकार झाले म्हणाली. रविवारचं खोटं घाबरून तोंडातून निसटलं होतं. कालचं मी बसून, शांत डोक्यानं बोललो, एका शिकणाऱ्या पोरीला, तिला बरोबर कळलेलं असताना. म्हणून हे पत्र. हे तुझ्या टेबलावरच्या गाडीच्या कागदांवर ठेवतो आणि दोनच्या बसनं हुपरीला निघतो. तुझा पाय बरोबर होता, माझा डोळा चुकला, ते पान फाडून टाक, एवढं तिला तिच्या घरच्यांसमोर सांगायचं आहे. उद्या अकराला शोरूममध्ये साहेबापुढंही मीच बोलणार, तू मध्ये पडू नकोस. ती दार उघडेल की नाही माहीत नाही. नाही उघडलं तर पायरीवर बसून राहीन. यायला उशीर झाला तर शोधायला येऊ नका.

तुझाच,
बाबा