तरीही पुढे जा

रविवार, तिसरा रोजा

नोकरीचा पहिला दिवस! पोर्ट फुआदहून सकाळची फेरीबोट पकडली, कालवा ओलांडला आणि नवाच्या ठोक्याला हाजी मामून यांच्या ऑफिसात हजर झाले. जहाजांवरून आलेल्या मालाची कागदपत्रं सोडवून द्यायचं हे ऑफिस. जागा तळमजल्यावर, खिडक्यांना जाड गज, पुढे विजेचं लोखंडी शटर. ते संगणकावरून वरखाली होतं, याचा हाजींना कोण अभिमान!

माझ्या आधी या खुर्चीवर सौसन नावाची मुलगी होती. गेल्या रमजानमध्ये अचानक यायची बंद झाली म्हणे. खणात तिचा चष्मा तसाच पडलाय, चांगला जाड भिंगांचा. इथल्या जुन्या कारकून मादाम इन्शिराह तिच्याच गल्लीत राहतात, म्हणून त्यांना म्हटलं, नेऊन द्या. त्या म्हणाल्या, "राहू दे गं, तिला आता चष्मा लागतच नाही." बरं झालं बाई, असे डोळे सगळ्यांचे सुधारोत.

सोमवार, चौथा रोजा

फायलींचं पान उघडलं की आधी लाल पडदा येतो. 'सावधान. हे पान जे नाव सांगतं त्याचंच आहे, याची खात्री देता येत नाही. कुणी तोतया असू शकतो.' खाली मोठं बटण, 'सुरक्षित ठिकाणी परत जा'. त्याखाली बारीक अक्षरांत, 'तरीही पुढे जा'.

मी संगणकाचा कोर्स केलेली, माझा हात थांबला. हाजी हसायला लागले. पान आपल्याच ऑफिसचं आहे, फक्त त्याची ओळख पटवणाऱ्या दाखल्याची मुदत संपलीय, म्हणाले. "आपल्याच घरात शिरताना दार वाजवतेस का, पोरी?" व्हायरस पकडणारा प्रोग्रॅमही त्यांनी बंद करून टाकलाय, कारण तो प्रिंटरला अडवतो. मी म्हटलं, दोन दिवसांत सगळं नीट करून देते. ते म्हणाले, ईदनंतर. इथे सगळंच ईदनंतर होतं! मादाम इन्शिराह तर पडदा न वाचताच टिचकी मारतात. शेवटी मीही मारली.

गुरुवार, सातवा रोजा

रुळले. दिवसाला चाळीसएक टिचक्या होतात, आता डोळ्यांआधी बोटच जातं. फोनही ऑफिसच्या संगणकाला लावूनच चार्ज करते. अब्बा गेल्यापासून आई घरात एकटी असते, त्यामुळे संध्याकाळी अजानच्या आधी घर गाठायचं एवढंच माझं पथ्य. काल तिने दारावर आलेल्या एका अनोळखी माणसाला ताटावर बसवलं. रोजा सोडायच्या वेळी आलेल्याला परत पाठवायचं नाही, हा तिचा नेम. कोण, कुठला, काही विचारत नाही. एक दिवस चोर जेवून जाईल, असं मी चिडवलं. ती म्हणाली, भुकेला असेल तर जेवू दे.

सोमवार, अकरावा रोजा

आज पडद्यावर वेगळंच होतं. 'नश्वा जे नाव सांगते ती तीच आहे, याची खात्री देता येत नाही.' माझं नाव! पण वाचून होईतो बोटाने टिचकी मारलेली होती. पुन्हा उघडलं तर नेहमीचाच मजकूर. मादाम म्हणाल्या, उपाशीपोटी अक्षरं नाचतात.

गुरुवार, चौदावा रोजा

काल संध्याकाळी आईने विचारलं, दुपारी फोन करून असले वेड्यासारखे प्रश्न का विचारत होतीस? जेवताना मी टेबलाशी कुठल्या बाजूला बसते, दाराला कडी आहे की कुलूप, असं मी विचारलं म्हणे. मी फोन केलाच नव्हता. आई म्हणते, आवाज तुझाच होता, मी काय बहिरी आहे?

आज सकाळी ऑफिसात व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम चालू केला. 'काही आढळलं नाही' म्हणाला आणि आपोआप बंद पडला. मग मादामना सौसनबद्दल खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, गेल्या रमजानमध्ये एके दिवशी ती ऐन अजानच्या वेळी घरी आली, ताटावर बसली. तेव्हापासून फारशी बोलत नाही, पापणीही क्वचितच लववते. तिची आई म्हणते, पोरगी घरी आली हेच खूप.

मला फार भीती वाटतेय.

शनिवार, सोळावा रोजा

आईशी ठरवून टाकलं. 'मी नश्वा' असं कुणी म्हटलं की आधी एकच विचारायचं, पहिल्या रोज्याला चोरून काय खाल्लं होतंस? लोणच्यातलं लिंबू! सात वर्षांची होते. आईने ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ती कतायफ, रमजानमधल्या गोड करंज्या, तळत होती, माझा फोन टेबलावर कृती दाखवत होता, आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईतो हसलो. पुष्कळ दिवसांनी हलकं वाटलं.

मंगळवार, एकोणिसावा रोजा

हाजींना सांगितलं, गुरुवारी माझा शेवटचा दिवस. त्यांनी बोलून घेतलं बरंच. म्हणाले, आजकालच्या पोरी सावलीला भितात.

गुरुवार, एकविसावा रोजा

पाच वाजून दहा. सगळे घरी गेले. चष्मा सौसनच्या घरी देणार आहे. निघते.

साडेपाच. शटर आपोआप खाली आलं. बटण दाबते तर लाल पडदा. 'परत जा' बटणच नाही. फक्त 'तरीही पुढे जा'. मारली टिचकी. पुन्हा तोच पडदा. पुन्हा—

पावणेसहा. गजांतून ओरडले. रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळे ताटांपाशी. फोनवरही लाल पडदा. खणाच्या आत, तळाला, नखाने कोरलंय— 'मी सौसन. मी अजून इथेच—'

चष्मा खऱ्या सौसनला लागतो. जी इथे होती तिला—

सहा. टेबलावरचा जुना फोन चालू आहे! आईने उचलला. मी म्हटलं, मी नश्वा. ती रागावली, थट्टा पुरे, नश्वा दारात उभी आहे. उघडू नकोस म्हणून किंचाळले. थांबली. थांबली! रिसीव्हर बाजूला ठेवून तिने दाराकडे तोंड करून तो प्रश्न विचारला—

दारातून माझंच हसू. "लोणच्यातलं लिंबू, आई. उघड ना."

फोन. त्या दिवशी टेबलावर माझा फोन होता—

मीही ओरडतेय, लिंबू, लिंबू. तिला ऐकू जात नाही. कडी काढली.

अजान होतेय. रिसीव्हर तसाच पडलाय, सगळं ऐकू येतंय. खुर्ची सरकवली. माझी खुर्ची. पडद्यावर आलंय, 'नश्वाची खात्री पटली.' आई म्हणतेय, हात किती गार गं तुझे, बस, सूप घे— आई, अजून काहीतरी विचार तिला, काहीही विचार, मी अजून इथेच—