हळदीतले बाऊन्सर आणि कौसाबाईचा हात

आमच्या मांडवाच्या दारात कौसाबाईला, धवले गाऊन लग्न लावणाऱ्या आपल्या धवलारणीला, ओढून पाडली, तिचा उजवा हात मनगटात मोडला, आणि तुम्ही गाडी काढून खरवईला पसार! वर फोन बंद. राखायला ठेवलेल्यांनीच माणसं मोडायची आणि त्यांच्या मालकानं सगळ्यांच्या आधी पळायचं, ही कुठली सिक्युरिटी हो?

आता रीतीचं लिहिते. जावईबापू कमळाकरराव यांना मोरिवलीहून सासू मोतीबाईचा आशीर्वाद. तब्येत बरी असेलच (पळता येतंय म्हणजे आहे). माझ्या विनिताचे गुडघे कसे आहेत? आम्ही इकडे ठीक, म्हणजे जेवतोय. चौथी शिकलेली बाई लिहितेय, तेव्हा अक्षर लावून वाचा.

धर्मेशच्या हळदीला बाऊन्सर हवेत, हे शहाणपण माझ्या लेकाचं, बुधाजीचं. समोरच्यांच्या हळदीला सहा होते, म्हणून आपल्याकडे आठ. (माझ्या नातवाला पळवून कोण नेणार होतं देव जाणे, नेलं असतं तरी त्याचं घोरणं ऐकून सकाळी परत आणून सोडलं असतं.) तुम्ही म्हणालात, घरचीच एजन्सी आहे, काळजी सोडा. आले आठ जण. काळे टीशर्ट, पाठीवर सिक्युरिटी. एकाच्या कानात वायर होती, ती मी ओढून पाहिली, तर दुसरं टोक खिशात नुसतंच लोंबत होतं. मनगटाला पिवळी पट्टी असेल तोच आत, असा त्यांचा कायदा. पट्ट्या सगळ्यांना वाटल्या, नगरसेवकाच्या ड्रायव्हरलासुद्धा. जिच्यावाचून हळद लागत नाही त्या कौसाबाईला मात्र द्यायची कुणाला सुचली नाही. ती घरचीच. चुलीला कोणी आमंत्रण देतं का?

ती आली आणि रीतीप्रमाणे दारातूनच धवला म्हणत पाऊल टाकलं. त्या धटिंगणाला वाटलं, मागायला आलीय. म्हणे, मांजी, आगे जाओ. आता सुरू केलेला धवला मध्ये तोडायचा नसतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तुमचं नि विनिताचं लग्न तिनंच लावलंय. ती थांबेना, त्यानं दंडाला धरून ओढली, ती पडली. आत डीजे असा की आभाळ कोसळलं तरी कळू नये. बाईनं जमिनीवर पडल्या पडल्या उरलेलं कडवं पुरं केलं आणि मग किंचाळली.

आम्ही धावलो तर आठातला एक दिसेल तर शपथ. टीशर्ट काढून खुर्च्यांखाली टाकले आणि आतल्या साध्या कपड्यांत पंगतीला बसले मेले! मीच त्यातल्या एकाला म्हटलं असेन, पोरा, रस्सा घे. हवालदारानं विचारलं, कोण होता? कोण सांगणार? सगळ्यांनी त्यांच्या पाठी वाचल्या होत्या, तोंड कुणी बघितलंच नव्हतं.

बुधाजीनं तुमच्या ऑफिसात फोन लावला. तिथली पोरगी म्हणाली, आमची फक्त पाटी, ऑर्डर उल्हासनगरच्या हरेशला दिली होती. हरेशला मी लावला, तर म्हणाला, अम्मा, कपडा मेरा है, आदमी मेरा नहीं, आदमी चंदर का. चंदर म्हणजे एमआयडीसीत लेबर पुरवणारा. तो म्हणाला, माणसं माझी, पण ती गोणी उचलणारी. त्यांना माणसं उचलायला मी सांगितलं नव्हतं. म्हणजे पाटी तुमची, कपडे हरेशचे, माणसं चंदरची. मोडलेला हात तेवढा कौसाबाईचा एकटीचा. मी इतकी वर्षं जगले, पण ज्याला धनीच नाही असा धक्का पहिल्यांदा पाहिला.

हळद वाटीतच वाळली. पाहुणे मटण खाऊन गेले आणि नवरा कोरडाच उठला. कौसाबाई म्हणते, माझ्या हाताला धरनारा माझ्यापुढं येउंदे, मंग गान. पैसे दाखवले तर तिनं बुधाजीला ओट्यावरून खाली उतरवलं. आजूबाजूच्या गावांतल्या धवलारणींना विचारलं, एक यायला तयार नाही. जिथं आमची बाई पाडली त्या मांडवात पाय ठेवणार नाही म्हणतात. नवरीकडच्यांनी पुढच्या शुक्रवारपर्यंत वाट बघू म्हटलंय. त्यानंतर अक्षदासाठी दुसरं स्थळ बघणार. धर्मेश खोलीतून बाहेर येत नाही.

बाकी सर्व क्षेम. विनिताला आशीर्वाद.

मोतीबाई

ता. क. बुधाजीनं लग्नासाठी पुन्हा बारा बाऊन्सर सांगितलेत, पहिले आठ आत शिरू नयेत म्हणून. एजन्सी बदलापूरची, नवी. विचारलं तर म्हणाले, माणसं चांगली आहेत, चंदर म्हणून एक आहे तो देतो.

ता. क. दुसरा. पत्राबरोबर पिशवीत एक काळा टीशर्ट आहे. धुतलाय. त्यातल्या त्यात मोठा निवडलाय, तरी पोटावर तंग होईल. तो माणूस बुधवारपर्यंत सापडला तर घेऊन या. नाही सापडला तर हा अंगात घालायचा, कौसाबाईच्या ओट्यासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, बाई, हात मी धरला. विनिताला पुढे करायचं नाही, ती रडते. हरेश नको, चंदर नको, ऑफिसातली पोरगी नको. कौसाबाई विचारेल त्याला जबाब तुम्ही द्यायचा, तुमच्या तोंडानं, आणि ती बस म्हणेपर्यंत बसायचं नाही.